शब्दच ठाऊक नसेल तर मुलाने शोधायचं काय?

मे महिन्यात आमच्या गावच्या वाचनालयाची वार्षिक सभा झाली. राजापूर तालुक्यातलं खाडीकाठचं गाव, ‘ड’ वर्गाचं, म्हणजे सरकारी वर्गवारीत सर्वांत खालचं वाचनालय, दोन खोल्या आणि चार कपाटं. मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाने मुलांच्या विभागासाठी 40,000 रुपये पाठवले होते. त्यातून दोन टॅब घ्यायचे की चित्रमय बालज्ञानकोशाचा एक चांगला संच घ्यायचा, एवढाच प्रश्न होता. त्यावर दीड तास वाद झाला. एक बाजू म्हणत होती, जग कुठल्या कुठे गेलं, सगळं ज्ञान पोरांच्या मुठीत आलेलं असताना कागदावर पैसे कशाला घालवता? दुसरी बाजू पुस्तकाचा वास, पान उलटण्याची मजा आणि मोबाइलने बिघडलेली पिढी यांच्यावर बोलत राहिली. निर्णय पुढच्या सभेवर गेला. मी अस्वस्थ होऊन घरी आले, कारण ज्या बाजूने मी हात वर केला होता त्या बाजूचा एकही मुद्दा मला पटलेला नव्हता.

मी ज्ञानकोशाच्या बाजूची आहे, पण वासाच्या ओढीने नाही. आमच्याकडे आषाढ-श्रावणात पुस्तकांना येतो तो बुरशीचा वास, आणि दमेकरी मुलाला तो सोसत नाही. पान उलटण्याची मजा खरी असली तरी तेवढ्यासाठी चाळीस हजार खर्च करा, असं मंडळाला सांगायला मी धजणार नाही. मला वाटतं, दोन्ही बाजूंनी न बोलता एक गोष्ट गृहीत धरली होती: ज्ञानकोश म्हणजे प्रश्नाचं उत्तर मिळण्याची जागा. हे एकदा मान्य केलं की वाद तिथेच संपतो, कारण उत्तराच्या शर्यतीत कागद हरणारच. पण आठ-नऊ वर्षांच्या मुलाला उत्तराच्या आधी प्रश्न हवा असतो. एखादी गोष्ट जगात आहे हेच ज्याला ठाऊक नाही, तो तिच्याबद्दल विचारणार कसा? शोधायला शब्द लागतो. चित्र बघायला शब्द लागत नाही. मुलांच्या ज्ञानकोशाचं मोल मी यात मोजते, आणि ते मोल अजून तसूभरही कमी झालेलं नाही.

मी सात वर्षांची असताना मुंबईला गिरणीत नोकरीला असलेल्या माझ्या काकांनी गणपतीला येताना फोर्टातल्या फुटपाथवरून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणलं. मुलांच्या ज्ञानकोशाच्या संचातला तो एकच खंड होता, मधला, ‘एम’ अक्षराचा. बाकीचे खंड कुठे गेले कोणास ठाऊक. मला इंग्रजी येत नव्हतं, काकांनाही बेताचंच येत होतं. पण चित्रं रंगीत होती. मंगळ होता, मायक्रोस्कोप होता, मंगोल घोडेस्वार होते, आणि त्यांच्यापुढे एका पानावर चिखलात पुढच्या परांवर रेलून उभा असलेला, डोळे डोक्याच्या वर आलेला निवटा होता, इंग्रजीत मडस्किपर. आमच्या खाडीतला निवटा! ओहोटीला चिखलात हात घालून बिळातून काढायचा आणि त्याचं कालवण करायचं, याखेरीज त्याच्याबद्दल घरात कोणी काही बोलल्याचं मला आठवत नाही. तो परक्या देशात छापलेल्या पुस्तकात कसा काय जाऊन बसला? आणि पुढची दोन-चार पानं उलटली की इजिप्तची ममी. निवटा मासा असून पाण्याबाहेर फिरतो हे आम्ही रोज बघत होतो. ते थांबून बघण्यासारखं आहे, हे मला त्या चित्राने सांगितलं. दुसऱ्या दिवशी ओहोटीला मी टोपली न घेता खाडीवर गेले. आजीने संध्याकाळी विचारलं, “किती गावले गो?” मी म्हटलं, “बघत होते.” तिला ते उत्तर कळलं नाही आणि मलाही नीट सांगता आलं नाही. निवटा ओल्या कातडीतून आणि तोंडाच्या आतल्या अस्तरातून हवा घेतो, कल्ल्यांच्या पोकळीत पाणी साठवून चिखलावर येतो, हे मला पुष्कळ वर्षांनी डीएडला असताना समजलं. प्रश्न मात्र सातव्या वर्षापासून माझ्याजवळ होता.

आज त्याच वयाचं आमच्या गावातलं मूल फोनवर तिथपर्यंत कसं जाईल? ‘निवटे’ म्हणून शोधलं तर कालवणाच्या पाककृती पुढे येतात. इंग्रजी नाव त्याला ठाऊक नसतं. फोनचा कॅमेरा माशावर धरला की फोन नाव सांगतो, हे मला मान्य आहे. ही सोय मोठी आहे आणि मी स्वतः ती शेतातल्या रानभाज्यांसाठी वापरते. पण कॅमेरा धरायचं मनात येण्यासाठी आधी तो मासा नवलाचा वाटायला हवा. ते नवल कुठून यायचं? शिवाय कॅमेरा त्या एका माशाचं नाव सांगून थांबतो. त्याच्या शेजारची ममी दाखवत नाही.

हा शेजार मला फार महत्त्वाचा वाटतो. मुळाक्षरांना तुमची आवडनिवड ठाऊक नसते. डायनोसॉर आवडणाऱ्या मुलाला फोन आणखी डायनोसॉर देत जातो, कारण त्याने काल तेच पाहिलेलं असतं. ज्ञानकोशाच्या इंग्रजी ‘डी’ अक्षरात डायनोसॉरकडे जाताना वाटेत धरण लागतं, हिरे लागतात, पुढे पाणबुड्याचा पोशाख लागतो. सालिम अली यांच्या लहानपणाची हकिकत अनेकांना माहीत असेल. छर्‍याच्या बंदुकीने मारलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला, म्हणून ती कोणती हे विचारायला हा मुलगा मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. तिथले सचिव मिलार्ड यांनी चिमणीचं नाव सांगून त्याला वाटेला लावलं असतं तर काम झालं होतं. त्यांनी कपाटांचे खण उघडून पेंढा भरलेले शेकडो पक्षी त्याला दाखवले. मुलगा एक प्रश्न घेऊन आला होता, परतताना त्याच्या डोक्यात असंख्य पक्षी होते. पुढे 1930 साली आमच्याच किनाऱ्यावर, अलिबागजवळच्या किहीमला, त्यांनी सुगरणीच्या घरट्यांचं जे निरीक्षण केलं त्याची मुळं मला त्या खणांत दिसतात. प्रत्येक मुलाला मिलार्ड कुठून मिळणार? आमच्या गावातून सोसायटीचं ते कार्यालय साडेतीनशे किलोमीटरच्या वर आहे. मग ते उघडे खण गावात आणायचे तर कशाच्या रूपाने आणायचे?

आता विरुद्ध बाजूचं जे खरं आहे ते मान्य करते, आणि ते थोडं नाही. छापलेला ज्ञानकोश शिळा होतो. एडिंबराला 1768 मध्ये सुरू झालेल्या ब्रिटानिकाने 2012 मध्ये छापील आवृत्ती बंद केल्याचं जाहीर केलं. आपला मराठी विश्वकोश, ज्याचा पहिला खंड 1976 मध्ये आला आणि विसावा 2015 मध्ये, तोही आज लोक संकेतस्थळावरच वाचतात. मोठ्यांसाठी हे योग्यच झालं. मला एखाद्या कायद्याचं साल हवं असेल तर मी कपाट उघडत नाही. करोनाच्या काळात रेंजसाठी डोंगरावर चढून बसणारी मुलं मी पाहिली आहेत. त्या काळात फोन नसता तर त्यांची शाळाच नव्हती, तेव्हा फोनला शिव्या देणाऱ्यांत मी नाही. आणि कोकणात पाण्याचा मुद्दा सर्वांत वजनदार आहे. चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचनमंदिर 1864 पासूनचं. 2005 च्या पुरात आणि पुन्हा 22 जुलै 2021 च्या पुरात तिथे पाणी शिरून पुस्तकांचं काय झालं हे ज्यांनी पाहिलं, त्यांना ‘कागद टिकतो’ असं सांगायला जाऊ नये. पूर नसला तरी आमच्याकडे ओल आहे, कसर आहे, वाळवी आहे.

शिळेपणाचं आधी घेऊ. मी शिकवत होते त्या शाळेतल्या ज्ञानकोशाच्या संचात ग्रह नऊ होते. 24 ऑगस्ट 2006 रोजी प्राग इथे खगोलशास्त्रज्ञांनी प्लुटोला ग्रहांच्या यादीतून काढलं. बातमी वर्गात आली तेव्हा चौथीतल्या मुलांनी आपण होऊन प्लुटोच्या चित्राशेजारी पेन्सिलीने ती तारीख लिहिली. एकाने विचारलं, “बाई, म्हणजे पुस्तकातलं चुकलेलं असतं?” तीस वर्षांच्या नोकरीत मला विचारला गेलेला हा सर्वांत चांगला प्रश्न. त्यावर आम्ही दोन तास बोललो. पुस्तक खोटं नव्हतं, छापलं तेव्हाच्या ठरावाप्रमाणे ते बरोबर होतं. ज्ञानाला तारीख असते, हे मुलांना कळलं, कारण जुनी छपाई जागची हलली नव्हती. पडद्यावर आकडा गुपचूप बदलतो, काल काय होतं त्याची खूणही डोळ्यांसमोर राहत नाही. आणि मुलांच्या ज्ञानकोशातलं शिळं होण्यासारखं असतं तरी किती? ज्वालामुखीचा छेद, मधमाश्यांचं पोळं, भरती-ओहोटी, हृदयाचे चार कप्पे, हे दहा वर्षांत बदलत नाही.

ओलीला उपाय आहेत आणि ते आपल्या आज्यांना ठाऊक होते. पुस्तकं जमिनीपासून वर ठेवायची, भिंतीला चिकटवायची नाहीत, कपाटात कडुनिंबाचा सुकवलेला पाला घालायचा, दसऱ्याच्या सुमाराला ऊन आलं की बाहेर काढून वारं द्यायचं. पुरापुढे यातलं काही चालत नाही, हे खरं. पण पुरात टॅब तरी कुठे वाचतो? तरीही याच किनाऱ्यावर रत्नागिरीत 1828 मध्ये वाचनालय निघालं आणि ते आजही चालू आहे. तेव्हाचे पावसाळे काही सौम्य नव्हते.

परकेपणाचा आक्षेप मात्र मला टोचतो. बाजारात मिळणारे देखणे संच बहुतेक इंग्रजीत, नाहीतर इंग्रजीवरून आणलेले. त्यांत ध्रुवीय अस्वल असतं, खवलेमांजर कोपऱ्यात असतं. लोहमार्ग म्हटला की युरोपातला, बंदर म्हटलं की तिकडचं. वेळासच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येणारं कासव मुलाला समुद्राच्या पानावर भेटलं तरी वेळास तिथे नसतं. माझ्या निवट्याचं नशीब म्हणून तो ‘एम’मध्ये बसला. हा आक्षेप घेणाऱ्यांना मी विचारते, यातून छापील चित्रकोश नको असा निष्कर्ष निघतो की आपला हवा असा? फ्रान्समध्ये 1751 पासून दिदरो या विचारवंताने जो ज्ञानकोश काढला त्यात मजकुराचे 17 खंड होते आणि चित्रांचे 11. त्या चित्रांत राजेरजवाडे नव्हते. वर कारागिराची कर्मशाळा आणि खाली त्याची एकेक हत्यारं सुटी मांडलेली, अशी ती पानं. सुतार, लोहार, काच फुंकणारा यांचं काम पुस्तकात जाण्याच्या लायकीचं आहे, हे त्यांनी न बोलता सांगितलं. आमच्याकडे होडी बांधणाऱ्या सुताराचं वाकस, पटाशी, गिरमिट, रापणीचं जाळं आणि ते ओढायला दोन्ही दोरांवर उभी राहणारी माणसं, रहाटाचे लोटे, भाताचं कोठार, काथ्या वळण्याची रीत यांचं असं एक पान कोणी काढलंय? रहाट बघितलेली शेवटची पिढी आता साठीत आहे. व्हिडिओ निघतात, पण त्यात दोर एका क्षणी दिसतो आणि दुसऱ्या क्षणी नाही. चित्रावर बोट ठेवून “ह्याला काय म्हणतात?” विचारता येतं आणि बाजूला बसलेला आजा सांगू शकतो.

रेखाटन आणि फोटो यांत फरक आहे तो इथेच. फोटो एका माशाचा असतो, चित्र त्या जातीचं असतं. पक्षी ओळखण्याच्या पुस्तकांत आजही रंगवलेली चित्रं वापरतात, कारण चित्रकार पंखावरची नेमकी खूण ठसठशीत दाखवतो आणि उन्हाची तिरीप गाळतो. वारुळाच्या पोटात, बोटीच्या इंजिनखोलीत, पृथ्वीच्या गाभ्यात एकाच वेळी डोकावणारा कॅमेरा नाही, चित्रकार डोकावतो. डिसेंबर 1938 मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मच्छीमारांच्या जाळ्यात एक निळसर, विचित्र मासा आला. तिथल्या छोट्या संग्रहालयाच्या मार्जोरी कोर्टनी-लॅटिमर यांना तो कुठल्याच पुस्तकात सापडेना. त्यांनी कागदावर त्याचं साधं चित्र काढून जे. एल. बी. स्मिथ या मत्स्यतज्ज्ञाला पाठवलं, आणि त्या चित्रावरून त्यांनी ओळखलं की हा सीलाकँथ आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी नाहीसा झाला असं सगळे धरून चालले होते तो. जीवाश्मांवरून काढलेली चित्रं ज्याने डोळ्यांत साठवली होती, त्यालाच ते रेखाटन बोललं. डोळ्यांत आधी काही साठवलेलं नसेल तर समोर आलेलं नवल नुसता मासा म्हणून बाजारात जातं. आमच्याकडे मिऱ्या किंवा नाटे इथल्या बंदरात रोज किती काय काय उतरतं! त्यातलं वेगळं कोणाला दिसेल?

मुलांसाठी चित्रांतून जग मांडायची कल्पना काही आजची नाही. कोमेनियस या युरोपातल्या शिक्षणतज्ज्ञाने 1658 मध्ये न्युरेंबर्गला छापलेल्या पुस्तकात चित्रातल्या प्रत्येक वस्तूला आकडा दिला आणि शेजारी लॅटिन व जर्मन भाषांत तिचं नाव. घोकंपट्टीने लॅटिन शिकवणाऱ्या शाळांना ते पोरकट वाटलं असेल, पण ते पुस्तक शतकाहून अधिक काळ मुलांच्या हाती राहिलं. आणि त्याच्याही हजारो वर्षं आधीचं आमच्या तालुक्यात आहे. कशेळीच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळपठारावर, कोरलेला प्रचंड हत्ती ज्यांनी पाहिला असेल त्यांना आठवेल की त्याच्या अंगात किती प्राणी कोरले आहेत, जमिनीवरचे आणि पाण्यातले. ती चित्रं का कोरली हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही, आणि तो ज्ञानकोश होता असा दावा मी करणार नाही. पण भोवतालचे जीव एका जागी, शेजारीशेजारी मांडून ठेवावेत, ही ओढ या मातीला परकी नाही, एवढं तरी म्हणता येईल. मराठीतही असं काम अशक्य नाही. ज्ञानकोशकार केतकरांनी शतकापूर्वी 23 खंड काढले ते वर्गणीदार जमवत, पदरमोड करत. महादेवशास्त्री जोशींनी संस्कृतिकोशाचे दहा खंड केले आणि मुलांसाठीही वेगळा संस्कृतिकोश केला. विश्वकोश मंडळाने कुमार विश्वकोशात जीवसृष्टी आणि पर्यावरण घेतलं. मागणी करायची तर ही करा, की असे सचित्र खंड ‘ड’ वर्गाच्या वाचनालयापर्यंत पोहोचले पाहिजेत आणि त्यात कोकणची खाडी असली पाहिजे.

माझ्या बाजूच्या लोकांनाही मला काही सांगायचं आहे. ज्ञानकोश हप्त्याने घेऊन दिवाणखान्याच्या काचेच्या कपाटात कुलपात ठेवणारी घरं मी पाहिली आहेत. पाहुणे आले की बाहेर, मुलाने मागितलं की “हात धुतलेस का?” त्याहून वाईट म्हणजे त्यातून सामान्यज्ञानाच्या परीक्षेची तयारी करून घेणं. सगळ्यांत उंच शिखर कोणतं, सगळ्यांत लांब नदी कोणती, सांग, चुकलास, पुन्हा सांग. ममी बघता बघता मंगळावर पोहोचलेल्या मुलाला असं मध्येच अडवलं की ते परत त्या पुस्तकाकडे फिरकत नाही, आणि मग आपण म्हणतो मोबाइलने बिघडवलं. आमच्या वाचनालयात बालविभागाच्या कपाटाची किल्ली ग्रंथपालांकडे असते आणि ते संध्याकाळी दोन तास येतात. ही रीत बदलणार नसेल तर संचापेक्षा टॅब बरा, हे मी सभेत म्हणायला हवं होतं.

आणि आणखी एक, जे तिथे कोणीच म्हणालं नाही. फोन आता गावातल्या जवळजवळ प्रत्येक घरात आहे. आईचा असतो, नाहीतर मुंबईहून आलेल्या मामाचा जुना. मंडळाच्या पैशांतून आणखी दोन पडदे आल्याने घरात नसलेलं असं काय मिळणार? वाचनालयाने घरात नाही ते द्यावं. टॅब एका मुलाच्या मांडीवर असतो, दुसरं मान वाकडी करून बघतं आणि तिसरं नंबराची वाट बघतं. मोठ्या पानाचं पुस्तक जमिनीवर उघडलं की भोवती चार डोकी बसतात, एकाचं बोट देवमाशावर, दुसऱ्याचं त्याच्या पोटाखालच्या छोट्या माशावर, आणि भांडण सुरू होतं. रत्नागिरीच्या मत्स्यालयात देवमाशाचा सांगाडा बघून आलेली मुलं असतील तर त्या भांडणाला साक्षीदारही मिळतो.

पुढची सभा गणपतीत आहे, चाकरमानी आलेले असताना. मी लेखी प्रस्ताव दिला आहे: संच घ्यावा, उरलेल्या पैशांतून जाड चटई आणि जमिनीपासून हातभर उंचीची उघडी मांडणी घ्यावी, कुलूप काढावं, फाटलेल्या पानांचा दंड घेऊ नये. प्रस्तावाबरोबर काकांचा तो ‘एम’चा खंडही मी वाचनालयात नेऊन ठेवला आहे. परवा चाळून पाहिला. निवट्याच्या चित्राखाली, इंग्रजी ओळींच्या मधल्या कोऱ्या जागेत, कोणीतरी पेन्सिलीने लिहिलंय: ‘ह्यो आमच्या खाडीत गावतो.’ ममीच्या पानावर काही लिहिलेलं नाही, पण ते पान दुमडलेलं आहे.